प्रबंधातून विज्ञानलेखनाकडे: संपादकाला विषय नको, गोष्ट हवी

प्रश्न: मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते आहे. चौथं वर्ष सुरू आहे. काम बायोफिल्मवर, म्हणजे जिवाणू पृष्ठभागावर बांधतात त्या चिकट थरावर आहे. एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आहे, दुसरा परीक्षकांकडे आहे. फेलोशिप अजून वर्षभर पुरेल. गेलं दीड वर्ष मात्र प्रयोगांपेक्षा लिहिण्यातच मन रमतं. पाच लेख लिहून ठेवले आहेत, छापून एकही आलेला नाही. दोन संपादकांना मेल केली, उत्तर आलं नाही. पीएचडी सोडून पूर्णवेळ विज्ञानलेखन करू का? त्यासाठी पत्रकारितेची पदवी लागते का? पहिलं काम कसं मिळतं? आणि गाईडना हे सांगायचं कसं? पाठवलेली मेल आणि एक लेख सोबत जोडते आहे.

उत्तर: आधी मेल पाहू, कारण उत्तर का आलं नाही ते तिच्यातच दिसतं. तुम्ही लिहिलंय: ‘मी बायोफिल्मवर संशोधन करते. हा अत्यंत महत्त्वाचा पण दुर्लक्षित विषय आहे. त्यावर सुमारे २५०० शब्दांचा माहितीपूर्ण लेख लिहू इच्छिते. कृपया कळवावे.’

यात विषय आहे, लेख नाही. संपादकाला तुमची कल्पना बैठकीत स्वतःच्या तोंडाने मांडावी लागते. ‘बायोफिल्मवर एक लेख आलाय’ म्हटल्यावर ‘त्यात नवीन काय?’ असं कुणी विचारलं तर या मेलमधून त्याला सांगण्यासारखं काहीच मिळत नाही. विषय महत्त्वाचा आहे असं म्हणून भागत नाही, ते महत्त्व वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं राहावं लागतं.

आता तोच विषय असा मांडून पाहा:

‘मूत्रमार्गात कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी असलेल्या रुग्णाला संसर्ग होतो. तपासणीत जिवाणू सापडतो, त्याला लागू पडणारं प्रतिजैविकही सापडतं. औषधाने ताप उतरतो. औषध थांबतं आणि थोड्याच दिवसांत ताप पुन्हा चढतो. औषध बरोबर होतं, जिवाणूही त्याला दाद देणाराच होता. मग तो वाचला कुठे? कॅथेटरच्या भिंतीवर. तिथे त्याने चिकट थर बांधला होता, आणि त्या थराच्या तळाशी वाढ थांबवून तो पडून होता. पेनिसिलिनसारखी औषधं जिवाणू आपली भिंत बांधत असताना घाला घालतात. ज्याने बांधकामच थांबवलंय, त्याचं ती फारसं काही बिघडवू शकत नाहीत.’

पाऊणशेएक शब्द आहेत, पण यात रुग्ण आहे, कोडं आहे आणि उत्तराची दिशा आहे. ‘बायोफिल्म’ हा शब्द अजून आलेलाही नाही. तो पुढच्या वाक्यात आणा. गोष्ट समजल्यावर आलेलं नाव वाचक सहज स्वीकारतो, नाव आधी आलं तर तो पान उलटतो.

प्रस्तावाचा, म्हणजे संपादक ज्याला ‘पिच’ म्हणतात त्याचा, हा पहिला परिच्छेद. दुसऱ्यात ‘आत्ताच का?’ याचं उत्तर हवं. अलीकडे प्रसिद्ध झालेला एखादा निबंध, सुरू झालेली चाचणी, बदललेला उपचाराचा नियम यांपैकी काहीतरी ठोस, नाव आणि महिन्यासकट. तिसऱ्यात तुम्ही कुणाशी बोलणार ते: निदान तीन माणसं, त्यातला एक त्या कामाशी संबंध नसलेला जाणकार, आणि शक्य असेल तर एक जण प्रयोगशाळेबाहेरचा, जसं कॅथेटर रोज हाताळणारी परिचारिका. चौथ्यात दोन ओळी तुमच्याबद्दल, शब्दसंख्या आणि लेख किती दिवसांत द्याल ते. सगळं मिळून २५० ते ३०० शब्द. मेलच्या विषयाच्या ओळीत ‘प्रस्ताव:’ लिहून पुढे लेखाला शोभेल असा मथळा द्या. शब्दसंख्या ८०० ते १२०० ठेवा. छापील नाव नसलेल्या लेखकाला २५०० शब्दांची जागा सहसा कुणी देत नाही.

पाठवण्याआधी त्या प्रकाशनाचे गेल्या सहा महिन्यांतले अंक चाळा. तुमचा विषय येऊन गेलाय का आणि तसा लेख ते कुठल्या सदरात छापतात, हे कळायला हवं. मेल सामान्य पत्त्यावर टाकण्यापेक्षा त्या सदराच्या संपादकाला करा. एका वेळी एकाच ठिकाणी. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर दोन ओळींची आठवण, आणखी आठवड्याने दुसरीकडे. नकार आलाच तर प्रस्ताव त्याच दिवशी पुढच्या पत्त्यावर गेला पाहिजे, म्हणून तीन प्रकाशनांची यादी आधीच करून ठेवा. ‘द ओपन नोटबुक’ या संकेतस्थळावर नामवंत प्रकाशनांनी स्वीकारलेले प्रस्ताव जसेच्या तसे वाचायला मिळतात. त्यातले दहा वाचा, आणि वाचताना प्रत्येकात ‘आत्ताच का?’चं उत्तर कुठल्या वाक्यात येतं ते शोधा.

एक गोष्ट मात्र टाळा: स्वतःच्या प्रयोगशाळेच्या कामावर लेख. विषय हातात असतो म्हणून सगळे नवखे तिथूनच सुरुवात करतात. पण बातमीच्या जगात तो हितसंबंध ठरतो. गाईडचं काम वस्तुनिष्ठपणे मांडण्याच्या जागी तुम्ही नाही, आणि तशा आहात असं म्हटलंत तरी संपादक ते मान्य करणार नाही. शिवाय अप्रकाशित निष्कर्ष बाहेर फुटले तर निबंधच अडचणीत येऊ शकतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये धोरण जाहीर केलं, की इतरत्र आधी प्रसिद्ध झालेलं संशोधन आपण छापणार नाही. कमी-अधिक फरकाने अनेक नियतकालिकं हा नियम आजही पाळतात. शेजारच्या क्षेत्रावर लिहा. तुमची समज तिथेही चालते, आणि हात मोकळे राहतात.

आता पीएचडी. सोडू नका, निदान अजून नाही. पण ‘इतकी वर्षं घातलीत, आता पूर्णच करा’ असं आम्ही म्हणणार नाही, कारण ते कारण कच्चं आहे. खरं कारण असं, की ‘विज्ञानलेखन’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या नोकऱ्या आहेत, आणि पदवीची किंमत प्रत्येकीत वेगळी आहे.

पत्रकारितेत पदवी कुणी विचारत नाही, छापून आलेले लेख विचारतात. संशोधन संस्थांच्या जनसंपर्क विभागात ती असली तर बरं, नसली तरी चालतं. वैद्यकीय लेखनात, म्हणजे औषध कंपन्यांसाठी चाचण्यांचे अहवाल, नियामकांना द्यायची कागदपत्रं आणि शोधनिबंधांचे मसुदे लिहिण्याच्या कामात, पीएचडीला थेट भाव आहे. तिथे अहवालाचा साचा ठरलेला असतो (औषधांचे नियम देशोदेशी एकसारखे करणाऱ्या ‘आयसीएच’ या आंतरराष्ट्रीय परिषदेचं १९९५ चं ‘ई३’ मार्गदर्शक हे त्याचं मूळ). निवड लेखनचाचणीवर होते: एक तक्ता आणि थोडी माहिती देतात, ठरलेल्या वेळात निष्कर्षांचा परिच्छेद मागतात. तक्त्यात नसलेला एक शब्द जरी लिहिलात तरी गुण जातात. पगार सर्वांत स्थिर इथे मिळतो, स्वातंत्र्य सर्वांत कमी. निबंधाच्या मसुद्यावर काम केलं तर तुमचं नाव आणि पैसे कुणी दिले ते ऋणनिर्देशात उघड यायला हवं. तसं न करणाऱ्यांकडे काम घेऊ नका. चौथी नोकरी नियतकालिकाच्या संपादकाची. ‘नेचर’ गटातल्या नियतकालिकांसारख्या ठिकाणी पूर्णवेळ संपादक असतात, आणि त्यांच्याकडे पीएचडी असणं जवळपास गृहीत धरलेलं असतं.

म्हणजे आज पीएचडी सोडलीत तर दोन दारं जवळपास बंद होतात आणि उरलेल्या दोहोंत विशेष फायदा काहीच होत नाही. वर्षभराची फेलोशिप हाताशी असताना हा व्यवहार तोट्याचा आहे. फेलोशिप संपून दोन वर्षं झाली असती, प्रबंधाचा शेवट दिसत नसता आणि तुम्हाला फक्त पत्रकारिताच करायची असती, तर उत्तर वेगळं असतं.

विद्यार्थी असण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो संपण्याआधी वापरा. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं ‘द कॉन्व्हर्सेशन’ हे प्रकाशन विद्यापीठांशी आणि संशोधन संस्थांशी संलग्न असलेल्यांचेच लेख घेतं. मानधन देत नाही. पण अनुभवी संपादक तुमच्या प्रत्येक वाक्यावर हात फिरवतो, आणि नंतर इतर प्रकाशनांना तो लेख पुन्हा छापता येतो. पहिल्या एक-दोन लेखांसाठी ही सोय चांगली आहे. त्यापुढे मात्र फुकट लिहायची सवय लावून घेऊ नका.

पत्रकारितेची पदवी लागत नाही. विज्ञानलेखनाचे चांगले अभ्यासक्रम आहेत, त्यांचा खरा फायदा म्हणजे वृत्तकक्षातली उमेदवारी आणि ओळखी. पण त्यासाठी कर्ज काढावं लागत असेल तर नको. तोच काळ छोट्या बातम्या लिहिण्यात घालवा: नव्या शोधनिबंधावर ४०० शब्द, आठवड्याला एक, कुणी छापो न छापो. घड्याळ लावून लिहा. पहिल्या बातमीला दोन दिवस लागतील. दहाव्या बातमीला एक दिवस पुरला तर बातमीचा वेग हाताला बसतोय असं समजा.

संशोधकाला लेखनात काय जड जातं, याबद्दल लोकांचा एक समज असतो की भाषा. भाषा सुधारते. जड जातो तो क्रम. शोधनिबंध आधी पार्श्वभूमी सांगतो, मग पद्धत, मग निष्कर्ष, आणि त्याचा अर्थ अगदी शेवटी. वाचकाला अर्थ आधी हवा असतो. तुमच्या लेखाचं पहिलं वाक्य आहे: ‘सूक्ष्मजीवांच्या बायोफिल्म निर्मितीप्रक्रियेत बाह्यकोशीय बहुशर्करांची भूमिका अत्यंत महत्त्वपूर्ण असून यावर जगभर मोठ्या प्रमाणावर संशोधन सुरू आहे.’ यात कर्ता कुठे आहे? कोण काय करतंय? जिवाणू साखरेच्या लांब साखळ्या बाहेर सोडतात आणि त्यात स्वतःला चिकटवून घेतात, एवढंच म्हणायचं आहे. ‘निर्मिती’, ‘प्रक्रिया’, ‘भूमिका’ ही नामं काढा, त्यांच्या जागी क्रियापदं येऊ द्या, वाक्य आपोआप सरळ होतं. आणि ‘जगभर संशोधन सुरू आहे’ हे कुठल्याही विषयाला लागू पडतं, म्हणून कुठेच लिहू नये.

परिभाषेबद्दल एवढंच: ‘बायोफिल्म’ऐवजी ‘जैवपटल’ लिहिलं म्हणून लेख सोपा होत नाही. वाचकाला दोन्ही शब्द तितकेच अनोळखी आहेत. शब्द कुठलाही घ्या, पण तो काय आहे हे हाताला लागेल असं सांगा. सकाळी दात घासण्याआधी जिभेला लागणारा बुळबुळीत थर, हीसुद्धा बायोफिल्मच. एका लेखात असे नवे शब्द तीनाच्या वर जाऊ देऊ नका.

आकड्यांवर तुमचा हात बसलेला आहे, ही इतर नवख्यांपेक्षा तुमची मोठी जमेची बाजू. ती पुरेपूर वापरा, कारण इथली चूक माणसांना भोवते. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गाठी होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ हा शब्द सगळीकडे गेला. प्रत्यक्षात सात हजार स्त्रियांमागे एकीला असलेला धोका सात हजारांमागे दोघींना झाला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या थांबवल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाले असा अंदाज आहे, आणि गरोदरपणात गाठींचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. तेव्हा ‘दुप्पट’, ‘३० टक्क्यांनी कमी’ असं काही लिहिताना त्याच वाक्यात ‘कितीपैकी कितींना’ हे आलंच पाहिजे. निबंधाच्या सारांशात ते नसेल तर तक्त्यात शोधा. तक्त्यातही नसेल तर लेखकांना विचारा, आणि त्यांनी सांगितलं नाही तर तेच लेखात लिहा.

याच्याशी लागून दुसरी चूक. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं, तेव्हा ‘मांस तंबाखूइतकंच घातक’ असे मथळे झाले. तो गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. हा फरक तुम्हाला चटकन दिसतो, वाचकाला नाही. तो दाखवणं हे तुमचं काम आहे.

मुलाखतींत जुन्या सवयी आडव्या येतात. समोरचा शास्त्रज्ञ बोलतो आणि तुम्ही ‘हो, माहीत आहे’ म्हणून मान हलवता. मग ध्वनिमुद्रणात छापण्याजोगं वाक्यच मिळत नाही. माहीत असलं तरी विचारा, त्यांच्या शब्दांत घ्या. दोन प्रश्न प्रत्येक मुलाखतीत विचारा: ‘हा निष्कर्ष चुकीचा ठरायचा असेल तर काय दिसावं लागेल?’ आणि ‘तुमच्याशी कोण सहमत नाही?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा पुढचा फोन.

मसुदा सगळ्या सहलेखकांना दाखवायचा, ही संशोधनातली सभ्यता आहे. पत्रकारितेत लेख शास्त्रज्ञाला मंजुरीसाठी पाठवत नाहीत. पाठवलात तर तो पाच ‘कदाचित’ घालून परत येईल आणि टीका करणाऱ्याचं वाक्य गायब झालेलं असेल. तांत्रिक वर्णनाची दोन-तीन वाक्यं किंवा त्यांचं स्वतःचं विधान फोनवर वाचून खात्री करा. काही प्रकाशनांत तेवढ्यालाही मनाई असते, म्हणून संपादकाला आधी विचारा. स्वतःची तपासणी मात्र कडक ठेवा: मसुद्याची वेगळी प्रत काढा आणि प्रत्येक नाव, पद, आकडा, तारीख आणि दाव्यासमोर समासात स्रोत लिहा, पान क्रमांक किंवा ध्वनिमुद्रणातल्या मिनिटासकट. ज्या वाक्यासमोर काही लिहिता येत नाही ते काढा. ही प्रत लेखासोबत पाठवलीत तर संपादक तुम्हाला विसरणार नाही.

पैशांचा हिशेब शब्दांवर नाही, तासांवर करा. हजार शब्दांचा लेख असा जातो: वाचन ६ तास, माणसं शोधणं आणि मेल ३, तीन मुलाखती ३, त्या उतरवून काढणं ३, लेखन १०, संपादकाच्या दुरुस्त्या ५, तपासणी २. झाले ३२ तास. मिळणाऱ्या मानधनाला ३२ने भागा आणि तो दर तुमच्या फेलोशिपच्या तासाच्या दराशी ताडून पाहा. मग कळतं की अनेक मुक्त लेखक पत्रकारितेला वैद्यकीय लेखनाची किंवा संपादनाची जोड का देतात. जोड जरूर द्या, फक्त ज्या कंपनीचं काम करता तिच्या उत्पादनांवर बातमी लिहायची नाही. करारात तीन कलमं आधी बघा: पैसे लेख स्वीकारल्यावर मिळणार की छापून आल्यावर (दुसऱ्या प्रकारात कधीकधी महिने जातात), लेख रद्द झाला तर किती मिळणार (मानधनाचा चौथा हिस्सा ते निम्मं अशी रीत आहे), आणि खटला झाला तर सगळा भार लेखकावर टाकलाय का. तिसरं कलम असेल तर बदलून मागा. मागितल्यावर बऱ्याचदा मिळतं.

गाईडना सांगा, पण आज नाही आणि रिकाम्या हाताने नाही. आधी फेलोशिपच्या अटी वाचा. बाहेरच्या मानधनाला परवानगी लागत असेल तर पहिल्या सशुल्क लेखाआधीच बोलावं लागेल. नसेल लागत तर एक-दोन लेख छापून आल्यावर बोला. सोबत प्रबंधाचं वेळापत्रक न्या: कुठलं प्रकरण कुठल्या महिन्यात, दुसऱ्या निबंधाच्या दुरुस्त्या कधी. गाईडची पहिली काळजी तुम्ही काम अर्धवट टाकाल ही असते, आणि कागद समोर असला की बोलणं तिथून सुरू होऊन पुढे सरकतं. ‘मला संशोधनात रस उरला नाही’ असं म्हणू नका, ते खरंही नाही. आठवड्याला आठ तास लेखनाला, तेही ठरलेल्या दिवशी, बाकी वेळ प्रबंधाला, असं सांगा आणि पाळा.

तुमच्या लेखात चौथ्या पानावर एक परिच्छेद आहे, शेवटून दुसरा. कॅथेटर किती दिवस ठेवावा यावर डॉक्टरांत एकमत का नाही, याबद्दल. बाकीचा लेख शोधनिबंधाच्या प्रस्तावनेसारखा आहे. या परिच्छेदात मात्र दोन बाजू आहेत, निर्णय आहे, आणि त्याचे परिणाम भोगणारा माणूस आहे. तो उचलून वर न्या, आधीची सव्वातीन पानं बाजूला ठेवा. या आठवड्यात त्या वादातल्या दोन्ही बाजूंच्या एकेका डॉक्टरला मेल करून वीस मिनिटं मागा. ‘मी मुक्त विज्ञानलेखिका आहे, अमुक प्रश्नावर प्रस्ताव तयार करते आहे’ असं लिहा. प्रकाशनाचं नाव अजून ठरलेलं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. दोघांपैकी एकाने होकार दिला की प्रस्ताव लिहायला घ्या, आणि त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात ‘आत्ताच का?’ या प्रश्नाला त्या डॉक्टरने काय उत्तर दिलं ते घाला.